माळ गळ्यात, बोकड बाजारात

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका शेतकरी भावाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. पत्र बरंच लांब आहे, त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

‘ताई, माझ्या गळ्यात बावीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे. वडील गेले त्या साली घातली. मटण, अंडी, दारू, काहीच नाही. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कपाशी) अन् तूर. घरी चौदा बकऱ्या आहेत, त्यांचं सगळं बायकोच पाहते. बोकड व्यापारी येऊन घेऊन जाते, जास्त करून बकरी ईदच्या आधी. त्या पैशात पोरीचं होस्टेल भागते. पोरगी अमरावतीले बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाले आहे. यंदा पोळ्याले घरी आली होती. मी बैल धुऊन, सजवून ओवाळत होतो, तं म्हणाली, बाबा, आपला म्हातारा बैल तुम्ही मरेपर्यंत खुट्यावर पोसला, वावराच्या कोपऱ्यात पुरला. बोकड मात्र वर्षाचा झाला का विकता. खात नाही, पण विकता. अन् फवारणीत एका दिवशी किती जीव मारता त्याची गणतीच नाही. तुमच्या माळेत लॉजिक कुठी आहे? मले उत्तर सुचलं नाही. गावातली पोरं वावरात मटणाच्या पार्ट्या करतात, त्याइले मी नेहमी टोकतो. आता टोकाले गेलो तं तोंडातून शब्द निघत नाही. फवारणीचं तं तिचं खरंच आहे. औषध इतकं जहाल, का आमचा फवारणीचा माणूस औंदा दोन दिवस घरी पडून होता, उलट्या झाल्या, मंग त्या अळ्याइचं काय होत असन? रात्री झोप लागत नाही. माळ काढून देवघरात ठेवू का? का बकऱ्या विकून मोकळा होऊ? बायको म्हणते, माळ तुमच्या गळ्यातली, बकऱ्या माह्या दावणीच्या.’

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. माळ काढू नका. का, ते पुढं सांगते. आणि पोरीवर रागावू नका. तिनं तुमच्या आयुष्याकडे नीट पाहिलं आणि जे दिसलं ते तोंडावर बोलली. ज्या घरात मुलगी बापाला असं विचारू शकते, त्या घरात तुम्ही बरंच काही चांगलं केलेलं आहे.

आता तिनं नेमकं काय दाखवलं ते पाहू. तीन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढं तिनं दाखवलं. जीव मारू नये आणि मारायला देऊ नये, ही एक. मी बोकड मारायला देतो, ही दुसरी. आणि मी माझ्या नियमानं चालतो, ही तिसरी. तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तर्काचं काम इथं संपतं. तिघींपैकी कोणती सोडायची, हे तर्क सांगत नाही. बोकड विकणं सोडलं तरी मेळ बसतो. नियम सोडला तरी मेळ बसतो. ‘मी नियमानं चालतो’ हा दावा सोडून ‘मी अर्धवट चालतो’ असं कबूल केलं, तरीही मेळ बसतोच. म्हणजे वाटा तीन आहेत, आणि निवड माणसाला करायची आहे. रात्रीच्या अंधारात तुम्हाला त्यातली एकच वाट दिसली, माळ काढण्याची. ती सगळ्यांत सोपी आहे म्हणून आधी दिसली.

माळ काढल्यानं काय होईल याचा हिशेब करून पाहा. बोकड तितकेच विकले जातील. फवारणी तितकीच होईल. फरक एवढाच की उद्यापासून तुम्ही मटण खायला मोकळे, म्हणजे आणखी एखादा बोकड. कोणाचंच भलं झालं नाही, पण पोरीला बोलायला जागा उरली नाही. एखादा सावकार असतो, कोणाला म्हणजे कोणाला व्याज सोडत नाही, मयत झालेल्या घरीसुद्धा नाही. त्याच्या वागण्यात कुठंच फट सापडत नाही, अगदी तर्कशुद्ध माणूस. तुम्ही त्याला चांगला म्हणाल का? वागण्यात मेळ असणं म्हणजे चांगलं असणं, असं धरून चाललं की माणूस आपलं वागणं वर उचलण्याऐवजी आपला नियमच खाली आणतो. तुमच्या पोरीला ते नको आहे, असं मला तरी तिच्या शब्दांवरून वाटतं.

पण याच्या उलट बाजूलाही एक खड्डा आहे, आणि तिथं आपली माणसं फार आरामात जाऊन बसतात. ‘धुतल्या तांदळाचा कोण आहे?’ असं एकदा म्हटलं की सगळ्या प्रश्नांची सुटका. पोरीला तुम्ही हे उत्तर दिलं नाही, गप्प राहिलात, याचा मला आदर वाटतो. कारण सगळेच थोडे विसंगत असतात हे खरं असलं, तरी सगळ्या विसंगती सारख्या नसतात. त्या कशा ओळखायच्या याची मी एक कसोटी वापरते. नियमाला अपवाद केला, तर तो अपवाद कोणाच्या फायद्याचा झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढंच पाहायचं.

तुमच्या पत्रातल्या गोष्टी या कसोटीवर लावून पाहू. म्हातारा बैल. व्यवहाराच्या हिशेबानं तो बिनकामाचा होता. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीला कायद्यानं बंदी आहे हे खरं, पण गुपचूप नेणारे दलाल असतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही त्याला कुटार-चारा घातला, पाणी पाजलं, आणि तो गेल्यावर स्वतः खड्डा खोदून पुरला. पैसे तुमचे गेले, फायदा कोणाचा नाही. पोरीला हा पक्षपात वाटला, बैलाला एक न्याय आणि बोकडाला दुसरा. मला तो पक्षपात वाटत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो आणि म्हणतो, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. ज्यानं खांद्यावर जू घेऊन तुमचं वावर वखरलं, डवरलं, त्याचं तुमच्याकडे येणं निघतं. ते तुम्ही फेडलं. सगळ्या जिवांवर दया हा एक नियम आणि ज्याचं खाल्लं त्याला अंतर देऊ नये हा दुसरा. बैलाच्या बाबतीत तुम्ही दुसरा पाळला आणि तो पूर्ण पाळला. मुलीला हे सांगायला हरकत नाही.

बोकडाचं तसं नाही. तिथं अपवादाचा फायदा तुमच्या घराला आहे आणि किंमत बोकड मोजतो. म्हणून तिचा तो बाण लागला, आणि तो लागायलाच हवा होता. त्यावर थोड्या वेळानं येते.

त्याआधी वावरात पार्ट्या करणारी पोरं. तुमच्या पत्रात खरी अडचण कुठं असेल तर इथं आहे, आणि तुम्हाला ती कळली आहे, म्हणून तोंडातून शब्द निघत नाहीत. माळ घालताना तुम्ही काय कबूल केलं होतं ते आठवा. मांसाहार करणार नाही, दारूला शिवणार नाही, एकादशी धरीन, नाम घेईन. हे व्रत आहे. ते घेणाऱ्यापुरतं असतं. गावातल्या प्रत्येक पोरानं ते पाळावं असं माळ सांगत नाही. जोवर तुम्ही ‘मी खात नाही’ एवढंच म्हणत होता, तोवर तुमच्या वागण्यात फार मोठी फट नव्हती, कारण खाणार नाही असं म्हणणारा माणूस खरंच खात नव्हता. पण ज्या दिवशी तुम्ही त्या पोरांना ‘जीव मारून खाता, लाज नाही वाटत?’ म्हणालात, त्या दिवशी तुम्ही व्रताचा सर्वांसाठीचा धर्म केला. आणि तो धर्म तुमच्या अंगणातून बाहेर पडणाऱ्या बोकडालाही लागू झाला. पोरं जे मटण शिजवतात ते कोणाच्या तरी दावणीचंच असतं ना? विकणाऱ्यानं खाणाऱ्याला लाज काढावी, हे कोणत्याच मापात बसत नाही. तेव्हा टोकणं बंद करा. दारू पिऊन कोणी मोटारसायकल चालवत असेल तर जरूर टोका, त्यात दुसऱ्याचा जीव जातो. मटणासाठी नको. हे करायला एक रुपया लागत नाही आणि तुमच्या झोपेतला अर्धा काटा यानंच निघेल असं मला वाटतं.

आता बकऱ्या. तुम्ही लिहिता, विकून मोकळा होऊ का. चौदा बकऱ्या एकदम बाजारात नेल्या तर त्या कोण घेणार? दोन-चार पाळायला जातील, बाकीच्या कुठं जातील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणजे हात स्वच्छ करण्यासाठी एकाच दिवशी सगळ्या कापायला द्यायच्या. शिवाय बकऱ्या ठेवायच्या आणि बोकड विकायचे नाहीत, असा मधला मार्ग नाही. होणाऱ्या पिल्लांत निम्मे नर असतात, आणि कळपाला बीजासाठी एखाद-दुसराच बोकड लागतो. बकऱ्या म्हटल्या की बोकडाची विक्री आलीच. बकरी पाळायची की नाही एवढाच प्रश्न उरतो.

आणि तो प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. वहिनींनी एका वाक्यात तुम्हाला सगळं सांगितलं आहे. त्या रोज बकऱ्या चरायला नेतात, पावसात आडोशाला बांधतात, विताना रात्री जागतात. पऱ्हाटीचा पैसा बोंडअळीनं नेला, तूर पावसानं नेली, अशा सालात घरात रोकड कुठून आली ते आठवून पाहा. कोरडवाहू घरात बाईच्या हाताशी असणारा हाच एक पैसा असतो, ज्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. तुमच्या मनःशांतीसाठी तो बंद केला तर तुमच्या नियमाची किंमत त्यांनी मोजली असं होईल. हीच ती कसोटी, पुन्हा लावून पाहा. आपल्याकडे पुरुषांच्या व्रतांचा खर्च बायकांच्या खात्यावर पडण्याची रीत जुनी आहे. त्यांनी आपणहून ठरवलं, दुसरा काही जोडधंदा उभा राहिला, तर गोष्ट वेगळी. तोवर मी म्हणेन, बकऱ्या राहू द्या.

मग ती फट उरतेच की, असं तुम्ही म्हणाल. उरते. मी ती बुजवून देणार नाही. आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात कारंजा लाड आहे, तिथं जैनांच्या जुन्या हस्तलिखितांचे भांडार आहेत. जैन विचारवंतांनी या प्रश्नाचा जितका बारीक विचार केला तितका क्वचितच कोणी केला असेल. हिंसेचे ते चार प्रकार करतात. मुद्दाम, ठरवून केलेली ती संकल्पी. चूल, झाडलोट, पाणी अशा घरकामात होणारी ती आरंभी. शेती-व्यवसायात होणारी ती उद्योगी. आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. साधूला चारही सोडायच्या असतात. संसारी माणसाला संकल्पी पूर्ण सोडायची आणि बाकीच्या जपून, कमीत कमी करायच्या असतात. म्हणजे साधूचं महाव्रत वेगळं आणि गृहस्थाचं अणुव्रत वेगळं, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. वावर करणाऱ्या माणसानं साधूच्या मापानं स्वतःला मोजू नये, एवढा दिलासा तुम्हाला यातून घेता येईल. पण त्याच मापात एक न आवडणारी गोष्टही आहे. पोरगी जिवांची संख्या मोजते, म्हणून तिला फवारणी मोठी वाटते. हे माप हेतू पाहतं. फवारताना पीक वाचवायचं असतं, अळीशी वैर नसतं. बोकड विकताना त्याचं पुढं काय होणार हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचेच पैसे मिळतात. त्या मापावर बोकडाचा व्यवहार फवारणीहून अवघड ठरतो. दिलासा घ्यायचा तर हेही घ्यायला हवं, अर्धंच घेऊन चालणार नाही.

फट घेऊन जगायचं कसं, याचं एक उदाहरण वर्धेजवळ सेवाग्रामला राहिलेल्या माणसाचं आहे, आणि तेही बकरीचंच. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडण्याचं व्रत घेतलं. १९१८ मध्ये ते फार आजारी पडले. दुधाशिवाय अंगात ताकद येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, ते ऐकेनात. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, बकरीच्या दुधाला काय हरकत आहे? व्रत घेताना त्यांच्या मनात गाय-म्हैस होती, हे खरं होतं. त्या पळवाटेनं त्यांनी बकरीचं दूध घेतलं आणि ते शेवटपर्यंत घेत राहिले. इथवर ती कोणाही माणसाची गोष्ट आहे. पुढचं महत्त्वाचं आहे. ‘माझं व्रत गाईच्या दुधापुरतं होतं’ असं सांगून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. व्रताचं अक्षर राहिलं आणि आत्मा गेला, जगण्याच्या आणि कामाच्या ओढीनं मी हे केलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. व्रत टाकलं नाही आणि ते पूर्ण पाळल्याचा आवही आणला नाही. तुम्हाला इतकंच करायचं आहे. ‘मी मांस खात नाही, पण माझं घर बोकडांच्या पैशावर चालतं’ हे वाक्य तुम्हाला पोरीसमोर, वहिनींसमोर, भजनी मंडळात खाली मान न घालता म्हणता आलं पाहिजे. म्हणता आलं की माळ गळ्यात राहू द्या. ती तुम्हाला बावीस वर्षं दारूपासून दूर ठेवते आहे. विदर्भातल्या कोणत्याही गावात दारूनं बसलेली घरं ज्यानं पाहिली त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

मुलीशी बोलताना एक पथ्य पाळा. ‘तुझं होस्टेल त्याच बोकडांवर चालते’ हे तुमच्या ओठांवर येईल. आणू नका. ते खरं आहे, पण उत्तर नाही. तिचे पाय मातीचे आहेत हे दाखवल्यानं तुमचे धुतले जात नाहीत. तिचा प्रश्न एखाद्या मटणाच्या दुकानदारानं विचारला असता तरी तो तेवढाच बरोबर ठरला असता. उलट ती स्वतःच एक दिवस हे बोलेल, तेव्हा तिला अपराधी वाटू देऊ नका. तिच्या आईनं ते पैसे आनंदानं दिलेले आहेत.

आणि आता ते वाक्य, जे मी पत्र वाचल्यापासून बाजूला काढून ठेवलं आहे.

‘औषध इतकं जहाल, का आमचा फवारणीचा माणूस औंदा दोन दिवस घरी पडून होता, उलट्या झाल्या, मंग त्या अळ्याइचं काय होत असन?’

भाऊ, हे वाक्य पुन्हा वाचा. एक माणूस तुमच्या वावरात तुमचं काम करताना आजारी पडला, आणि तो तुमच्या पत्रात अळीचं दुःख मोजायच्या मापासारखा आला. त्याला दवाखान्यात नेलं का, ते पत्रात नाही. त्या दोन दिवसांची मजुरी मिळाली का, ते नाही. तो पुन्हा पंप पाठीवर घेऊन वावरात उतरला का, तेही नाही. बोकडाबद्दल दोन पानं आहेत, बैलाबद्दल एक, या माणसाबद्दल अर्धी ओळ. तुम्ही निर्दय आहात म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. निर्दय माणसाची झोप बोकडासाठी उडत नाही. झालं असं, की पोरीनं प्रश्न माळेवर विचारला आणि तुम्ही माळेपुरतंच पाहिलं. आपण चांगले आहोत की नाही, या काळजीत माणूस पडला की स्वतःच्या अंगावरचे डाग शोधत बसतो आणि आपल्यामुळे ज्याला लागलं तो नजरेआड होतो. मी फट बुजवा म्हणाले नाही, पण ही फट तशी नाही. इथं अपवादाचा फायदा तुमचा आहे आणि किंमत एक माणूस मोजतो आहे, जो नाही म्हणू शकत नाही, कारण उद्या त्याला तुमच्याच वावरात काम पाहिजे. आणि ती मिटवणं सगळ्यांत जास्त तुमच्याच हातात आहे.

यवतमाळला मी हे नव्यानं सांगायला नको. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजुरांचे जीव गेले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती, अंगावर साधा शर्ट, तोंडाला फार तर रुमाल, आणि दिवसभर फवारा तोंडावर येत होता. उलट्या, डोळ्यांपुढे अंधार, तशीच सुरुवात बऱ्याच जणांची झाली होती. तुमच्या माणसाचे दोन दिवस नशिबानं दोनच दिवस राहिले.

म्हणून पुढच्या फवारणीआधी या गोष्टी करा. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. दुकानदारानं लाल दिला तर दुसरं औषध मागा. दुकानदार म्हणाला म्हणून दोन औषधं एकत्र कालवू नका. हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे, आणि पऱ्हाटी कमरेच्या वर असेल तर प्लास्टिकचं समोरून बांधायचं एप्रन. ‘किट दिली तरी तो घालत नाही, उकडते म्हणतो’ असं प्रत्येक शेतकरी सांगतो. उकडतंच. दुपारच्या उन्हात कोणीही ते काढून फेकेल. म्हणून फवारणी सकाळी लवकर सुरू करून ऊन तापायच्या आत थांबवा, उरलेली दुसऱ्या दिवशी, आणि मजुरी दोन्ही दिवशी पूर्ण द्या. वाऱ्याच्या विरुद्ध चालू देऊ नका. उपाशी पोटी पंप उचलू देऊ नका. हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात जाऊ देऊ नका. आपल्याकडे विष पोटात जायची ही फार सोपी वाट आहे, न धुतलेल्या हातानं खाल्लेला खर्रा. पंपाची नळी तुंबली तर तोंडानं फुंकू देऊ नका. आंघोळीचं पाणी आणि साबण तुमच्याच वावरात ठेवा, म्हणजे तो माखलेले कपडे घेऊन लेकरांत जाणार नाही. पुन्हा मळमळ, घाम, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, लाळ सुटणं असं काही दिसलं तर घरी पाठवू नका, सरळ दवाखान्यात न्या, आणि औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला कोणतं विष ते कळेल.

आणि मुळात फवारणी कमी करा. २००२ साली बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळीसाठी फवारावं लागणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं, गुलाबी बोंडअळीनं ते खोटं पाडलं. पण शेजाऱ्यानं मारली म्हणून मी मारतो, या हिशेबानंही बऱ्याच फवारण्या होतात. वावरात कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचा हिशेब सरळ आहे. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, तरच फवारणीची वेळ आली. त्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क. ढालकिडे, क्रायसोपा हे आपले मित्रकिडे त्यात वाचतात आणि तेच मावा-तुडतुडे खातात. सापळे मोजायचं आणि वहीत लिहायचं काम पोरीला सुट्टीत द्या, बी.एस्सी.ची पोरगी आहे, तिला गोडी लागेल. जिवांची जी गणती ती करत होती, ती खरोखर कमी झालेली तिला दिसेल. डब्यावरच्या बारीक इंग्रजी सूचनाही तिलाच मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही आणि फवारणीचा माणूस दोघंही ऐका.

त्या माणसाला मात्र यंदा पुन्हा पंप देऊ नका. काही औषधांचा परिणाम अंगातून जायला कित्येक आठवडे लागतात, आणि त्या काळात थोडं विषही जास्त बाधतं. त्याला निंदणाचं, वेचणीचं, दुसरं कोणतंही काम द्या, मजुरी फवारणीचीच द्या. एकदा डॉक्टरला दाखवून आणा, खर्च तुमचा.

हे पत्र छापून तुमच्या हाती येईपर्यंत थांबू नका असं सांगायचं होतं, म्हणून एवढा भाग मी तुम्हाला आधीच टपालानं पाठवला आहे. आज-उद्या त्याच्या घरी जाऊन या. काय औषध होतं, किती वेळ फवारत होता, अजून डोकं दुखतं का, हे त्याच्या बायकोसमोर विचारा, कारण तो नाही म्हणेल आणि ती खरं सांगेल. आणि त्या दोन दिवसांची मजुरी द्यायची राहिली असेल, तर ती सोबत घेऊन जा.